चिनी मातीची माणसे : घाट आणि पोत

‘चिनी मातीची बाहुली’ हे शब्द मराठीत कौतुकाने वापरतात, तसे हेटाळणीनेही वापरतात. एखाद्या मुलीला कोणी चिनी मातीची बाहुली म्हटले की तिच्या नाजूक रूपाची वाखाणणी तर होतेच. पण ही दिसायला बरी, कामाच्या वेळी मात्र उपयोगाची नाही, असेही हळूच सुचवले जाते. या मातीच्या मूर्तींबद्दल युरोपातल्या विद्वानांचे मतही याहून फार वेगळे नव्हते. संगमरवरात किंवा ब्राँझमध्ये घडवले ते शिल्प, आणि पोर्सेलिनमध्ये घडवली ती बाहुली! अठराव्या शतकाच्या मध्यावर रोकोको शैलीत घडलेल्या वीतभर उंचीच्या मूर्ती, म्हणजे पंखा घेतलेल्या सरदारणी, विदूषक, मेंढपाळ, प्रेमी युगुले, या सर्वांची गणना त्यामुळे शोभेच्या वस्तूंत झाली आणि कलेच्या इतिहासात त्यांच्या वाट्याला कोपऱ्यातली जागा आली.

आमचे मत तसे नाही. या मूर्तींपैकी पुष्कळशा खरोखरच बाहुल्या आहेत, हे आम्ही आधीच सांगून टाकतो. पण ज्या थोड्या बाहुल्या नाहीत, त्या का नाहीत हे पाहू गेल्यास मूर्ती पाहण्याची एक चांगली शिस्त आपल्या डोळ्यांना लागते. म्हणून हा लेखनप्रपंच.

मराठीत या कामी दोन उत्तम शब्द आहेत: घाट आणि पोत. तांब्याला घाट असतो, बरणीला असतो, तसाच मूर्तीलाही असतो. वस्तू जागेत कशी उभी आहे, कुठे फुगली, कुठे आवळली, कुठे वळली, ते म्हणजे घाट. पोत हा मूळचा कापडाचा शब्द. तो डोळ्यांआधी बोटांना कळतो. पोर्सेलिनच्या मूर्तींत या दोहोंचे नाते विलक्षण जवळचे आहे. किंबहुना मूर्ती बरी की वाईट याचा निवाडा बहुतेक वेळा येथेच लागतो, असे आम्ही म्हणू. घाट एक सांगतो आणि पोत दुसरेच, अशी स्थिती झाली की बाहुली उरते. दोघांचे एकमत झाले की शिल्प होते.

कवडीची पाठ

‘पोर्सेलिन’ हे नाव इटालियन ‘पोर्चेल्लाना’ या शब्दावरून आले, आणि पोर्चेल्लाना म्हणजे कवडी. कोकणच्या किनाऱ्यावर वाढलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांना कवडीची पाठ हाताला कशी लागते हे सांगायला नको. गार, गुळगुळीत, कठीण, आणि तरी आतून उजेड आल्यासारखी. चीनमधून आलेली भांडी प्रथम पाहणाऱ्या युरोपियनांना तीच आठवण झाली. दुसरीकडे ‘रोकोको’ या शब्दाचे मूळ ‘रोकाय’ या फ्रेंच शब्दात आहे. रोकाय म्हणजे कृत्रिम गुहा आणि कारंजी मढवण्याचे शंख-शिंपल्यांचे व खडकांचे काम. म्हणजे पदार्थाचे नाव शिंपल्यावरून आणि शैलीचे नावही शिंपल्यावरून! हा निव्वळ शब्दांचा योगायोग असता तर आम्ही त्याचा उल्लेख केला नसता. पण पुढे बुस्टेलीच्या मूर्तींकडे येऊ तेव्हा दिसेल की या दोन शिंपल्यांची गाठ खरोखरच एका कलावंताच्या हातून पडली.

ही माती युरोपला फार उशिरा साधली. सॅक्सनीचा इलेक्टर आणि पोलंडचा राजा बलदंड ऑगस्टस याला चिनी-जपानी भांड्यांचे विलक्षण वेड होते. चिर्नहाउस हा शास्त्रज्ञ आणि सोने करून दाखवतो म्हणून राजाने डांबून ठेवलेला तरुण किमयागार ब्योट्गर यांनी मिळून ड्रेस्डेन येथे १७०८ साली पांढऱ्या पोर्सेलिनचे रहस्य शोधले. चिर्नहाउस त्याच वर्षी वारला. १७१० साली मायसेन गावच्या आल्ब्रेख्ट्सबुर्ग किल्ल्यात कारखाना सुरू झाला. सोने झाले नाही. पण राजाच्या दृष्टीने जवळजवळ सोन्यासारखेच काहीतरी झाले.

या मातीचा स्वभाव समजून घेतल्याशिवाय तिच्या घाटाबद्दल बोलण्यात अर्थ नाही. काओलिन ही पांढरी माती आणि तिच्याबरोबर वितळणारे खनिज यांचे मिश्रण सुमारे १४०० अंश सेल्सिअसला भाजले की ते दगडासारखे घट्ट होते. पण तसे होताना एका क्षणी ते मऊ पडते. पुढे काढलेला हात खाली झुकतो, एका पायावर उभा असलेला माणूस कलतो. शिवाय सारी मूर्ती सुमारे एक षष्ठांशाने आक्रसते. म्हणून नाचणाऱ्या विदूषकाच्या पायामागे झाडाचा बुंधा असतो. पाहणाऱ्याला तो देखाव्याचा भाग वाटतो. खरे म्हणजे तो टेकू आहे. पण टेकू द्यायचाच, तर तो देखण्या रीतीने कसा द्यावा, यात कारागिराची खरी परीक्षा होते.

दुसरी गोष्ट अशी की ही मूर्ती एकसंध घडत नाही. मूळ नमुना शिल्पकार करतो. मग तो कापून त्याच्या तुकड्यांचे प्लास्टरचे साचे काढतात. डोके एका साच्यात, हात दुसऱ्या, घागरा तिसऱ्या. दुसरा कारागीर त्या साच्यांत ओली माती दाबून एक एक अवयव काढतो आणि पातळ कालवलेल्या मातीने ते जोडतो. रोश हशानाच्या हलव्यासाठी आपल्या घरी गव्हाचा चीक काढतात. ही जोडमाती साधारण तशी दिसते, असे समजा. मानेचा कल, बोटांची ठेवण हे शेवटी या दुसऱ्या माणसाच्या हाती असते. त्यामुळे एकाच साच्यातल्या दोन मूर्तींत एक जिवंत आणि एक निर्जीव, असे सहज घडते.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची: झिलई. घडवलेल्या मूर्तीवर झिलईचा पातळ थर चढतो आणि भट्टीत तो काचेसारखा वितळतो. वितळलेली काच खळग्यात साचते आणि कडेवरून ओघळते. नाकाची धार बोथट होते, पापणीची रेघ भरून जाते, चुण्या लोण्यासारख्या होतात. वर तिचा लखलखाट! संगमरवरावर उजेड मुरतो, झिलईवर तो घसरतो आणि ठिपक्याठिपक्यांनी चमकतो. म्हणजे पोर्सेलिनच्या शिल्पकाराला दोन मूर्ती मनात ठेवाव्या लागतात, हातात घडत असलेली एक आणि झिलई चढल्यावर उरणार असलेली दुसरी. ज्याला ही दुसरी मूर्ती आधी दिसते तो मोठा.

मेजावरची माणसे

आज आपण या मूर्ती काचेच्या कपाटात, समोरून पाहतो. त्या तशा पाहण्यासाठी नव्हत्या. राजेरजवाड्यांच्या मेजवानीत शेवटचा गोडाचा टप्पा आला की मेजाच्या मध्यावर साखरेची बाग, साखरेचे पुतळे मांडण्याची युरोपात जुनी रीत होती. आपल्याकडे साखरेच्या गाठी आणि हलव्याचे दागिने करतात, त्याच कलेचे हे दरबारी रूप. साखरेच्या त्या पुतळ्यांची जागा पोर्सेलिनने घेतली. सॅक्सनीचा प्रधान काउंट ब्रूल याच्याकडे तर या मूर्ती मिठाई-खात्याच्या ताब्यात असत.

यावरून घाटाचे अर्धे कोडे सुटते. मेजावरची मूर्ती चारी बाजूंनी दिसली पाहिजे, कारण पाहुणे चारी बाजूंना बसलेले. ती डोळ्यांच्या पातळीच्या थोडी खाली असते. उजेड मेणबत्तीचा, हलता आणि अनेक ज्योतींचा; तो झिलईवर नाचणार. एकाच दिशेने तोंड करून ताठ उभी राहिलेली मूर्ती येथे निरुपयोगी. मूर्तीला पीळ हवा. खांदे एकीकडे, कंबर दुसरीकडे आणि नजर तिसरीकडे, असे झाले म्हणजे कोणत्याही खुर्चीवरून काही ना काही घडताना दिसते. रोकोको शैलीचा सुप्रसिद्ध नखरा म्हणून आपण ज्याला हसतो, त्याचे मूळ असे व्यवहारात आहे.

केंडलर

योहान योआखिम केंडलर १७३१ साली, पंचविशीच्या सुमारास, मायसेनला आला आणि १७७५ साली मरेपर्यंत तेथेच राहिला. आधी त्याने राजाच्या ‘जपानी महाला’साठी मोठमोठे प्राणी आणि पक्षी केले. त्यांतल्या बऱ्याच मूर्तींच्या अंगावर भट्टीतल्या भेगा आजही दिसतात. इतका मोठा आकार या मातीला पेलत नव्हता. १७३३ साली ऑगस्टस वारला. पुढे केंडलरच्या हातून ब्रूलसाठी हंसांच्या नक्षीचा दोन हजारांहून अधिक नगांचा भोजनसंच झाला (१७३७ ते १७४१), आणि त्याच सुमारास वीतभर उंचीच्या मूर्तींची मालिका सुरू झाली. पोर्सेलिनची छोटी मूर्ती हा कलाप्रकार युरोपात त्यानेच रूढ केला, असे म्हणण्यास हरकत नाही.

केंडलरचे बळ निरीक्षणात आहे. इटालियन ‘कोमेदिया देल्लार्ते’ ही आपल्या तमाशासारखी ठरलेल्या सोंगांची रंगभूमी. तमाशात सोंगाड्या आणि मावशी, तसे तेथे हार्लेक्विन, पांतालोने, कप्तान. केंडलरचे हार्लेक्विन अंगाने दणकट आहेत. चौकटी-चौकटींचा पेहराव, लाल, पिवळा, काळा असे ठसठशीत रंग, हसताना वाकडे झालेले तोंड. हा माणूस जमिनीवर पाय रोवून बसतो आणि आपली टिंगल करतो. त्याचा घाट बरोक शैलीचा, म्हणजे जोरकस आणि वजनदार आहे. आणि गंमत अशी की झिलई त्याला फारशी इजा करीत नाही, कारण केंडलर बारीक रेघेवर विसंबतच नाही. पाठीचा मोठा गोल, गुडघ्याचा मोठा कोन, अशा ठळक आकारांत तो बोलतो.

त्याच्या घेरदार घागऱ्यांच्या सरदारणीही अशाच विचाराने पाहाव्यात. तो अफाट घागरा ही त्या काळची फॅशन होतीच; पण भट्टीच्या दृष्टीने पाहिले तर घंटेच्या आकाराचा पोकळ घागरा हा उत्तम पाया आहे. झाडाचा बुंधा नको, टेकू नको; बाई स्वतःच्या वस्त्रावर उभी! शिवाय त्या विस्तीर्ण घेरावर झिलईला पसरायला मोकळे मैदान मिळते आणि चित्रकाराला फुले काढायला जागा. घाट, पोत आणि भट्टी यांचा इतका सोयीचा करार क्वचितच झाला असेल.

आमची तक्रार आहे ती रंगाबद्दल. मायसेनच्या पुष्कळ मूर्तींवर रंगकाम इतके भरगच्च आहे की खालची पांढरी माती गुदमरते. या कठीण पोर्सेलिनवर झिलईवरचे रंग नंतर कमी आचेवर पक्के करतात, त्यामुळे ते पृष्ठभागावर बसून राहतात, आत मुरत नाहीत. अंगभर रंग थापला की कवडीची पाठ झाकली जाते. मग मूर्ती लाकडाची असती तरी काय फरक पडला असता, असे वाटू लागते. हार्लेक्विनला हा दोष लागत नाही, कारण त्याचे सोंगच रंगांचे आहे. मेंढपाळणींना मात्र लागतो.

बुस्टेली

आता आम्ही ज्याच्यासाठी हा लेख लिहावयास घेतला त्या कलावंताकडे येतो. फ्रान्त्स आंतोन बुस्टेली १७५४ साली बव्हेरियाच्या पोर्सेलिन कारखान्यात रुजू झाला आणि १७६३ साली वारला. जेमतेम साडेआठ वर्षांची कारकीर्द! १७४७ साली स्थापन झालेला हा कारखाना तेव्हा म्युनिकजवळ नोयडेक येथे होता. १७६१ साली तो निम्फेनबुर्ग राजवाड्याच्या आवारात गेला आणि तेथे आजही चालू आहे. बुस्टेलीच्या आधीच्या आयुष्याबद्दल खात्रीची माहिती फार थोडी. पण १७६० च्या सुमारास त्याने केलेल्या कोमेदिया देल्लार्तेच्या सोळा मूर्ती, आठ पुरुष आणि आठ स्त्रिया, या शैलीचा कळस आहेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

या मूर्ती साधारण २० सेंटिमीटर उंचीच्या. शरीरे सडपातळ आणि लांबवलेली, डोकी लहान, मनगटे बारीक. प्रथम डोळ्यांत भरतो तो पीळ. पायांपासून निघालेली वळणाची रेघ कमरेशी उलटते, खांद्याशी पुन्हा उलटते आणि हाताच्या बोटांतून हवेत निघून जाते. पण नुसत्या पिळाने काम भागले नसते. गुळगुळीत झिलईखाली असा पीळ मेणासारखा लिबलिबीत दिसला असता. बुस्टेलीने येथे जे केले ते केंडलरलाही सुचले नव्हते. त्याने वस्त्रांच्या चुण्या गोल केल्या नाहीत. त्या सुरीने कापल्यासारख्या, धारदार कडांच्या आणि सपाट पैलूंच्या केल्या. लाकडात कोरीव काम करणाऱ्याचा हात असा चालतो, आणि म्हणूनच त्याच्या पूर्वशिक्षणाबद्दल अभ्यासकांनी तसा तर्क केला आहे.

याचा परिणाम पाहा. झिलई येऊन कडा बोथट करणार, हे त्याने आधीच हिशेबात धरले. कडा गरजेपेक्षा अधिक तीक्ष्ण ठेवली. झिलईने ती मऊ केली आणि ती हवी तितकीच उरली. सपाट पैलूवर झिलई आरशासारखी बसते. म्हणून मूर्तीभोवती चालू लागले, किंवा मेणबत्ती हलली, की एक पैलू विझतो आणि शेजारचा उजळतो. मूर्ती जागची हलत नाही. उजेड तिच्या अंगावरून वळत वर जातो, आणि आपण मात्र ती वळली असे समजतो. येथे पोत घाटाचे काम करू लागतो. झिलई ही शिल्पकाराची अडचण असते. बुस्टेलीने तिला कामाला लावले.

टेकूचा प्रश्नही त्याने असाच सोडवला. मायसेनचा तो बुंधा आठवा. बुस्टेलीच्या मूर्तीखालचा पाया पातळ आणि पसरट आहे. त्याची एक कड लाटेसारखी उचलली जाते, शिंपल्यासारखी वळते आणि मूर्तीच्या पायाला किंवा घागऱ्याला हलकेच येऊन भिडते. ही शिंपली-नक्षी म्हणजेच रोकाय. तीच मूर्तीचा भार घेते आणि तीच पिळाची पहिली रेघ होते. मूर्ती पायावर ठेवलेली नाही, पायातून उगवली आहे. कवडीच्या नावाच्या मातीतून शिंपल्याचा आकार निघावा आणि त्यातून माणूस निघावा, हे पाहिले म्हणजे आरंभी सांगितलेल्या दोन शिंपल्यांची गाठ पडते.

आणखी एक. या सोळा मूर्ती जोडीजोडीने योजलेल्या आहेत. एकटी पाहिली तर मूर्तीचा पीळ थोडा अतिरेकी वाटतो. ही अशी मान का वळवते आहे? तिचा जोडीदार शेजारी ठेवला की उत्तर मिळते. तो काही बोलला, ही वळली. दोन मूर्तींमधल्या रिकाम्या जागेलाही घाट आला! रंगाच्या बाबतीत बुस्टेलीच्या मूर्ती दोन्ही प्रकारांत आढळतात, रंगवलेल्या आणि निखळ पांढऱ्या. आम्हांला पांढऱ्या अधिक भावतात. रंगवलेल्या मूर्तीत आपण पोशाख पाहतो, पांढरीत शिल्प पाहतो.

झिलईवाचून

फ्रान्सने याच प्रश्नाला अगदी उलटे उत्तर दिले. व्हॅन्सेन येथील कारखान्याने, जो १७५६ साली सेव्र येथे गेला, १७५० नंतर लवकरच मूर्तींवर झिलई चढवणेच सोडून दिले. अशा बिनझिलईच्या भाजलेल्या मूर्तीला ‘बिस्क्वी’ म्हणतात. शिल्पकार फाल्कोने १७५७ ते १७६६ या काळात तेथील मूर्तिशाळेचा प्रमुख होता. पुढे रशियात जाऊन सेंट पीटर्सबर्गचा पीटर राजाचा प्रचंड अश्वारूढ पुतळा घडवणारा तो हाच. बिस्क्वीचा पोत पिठीसाखरेसारखा, मंद आणि कोरडा. उजेड त्यावर घसरत नाही, थांबतो. बोटांची नखे, केसांची बट, ओठांची कड, सारे शाबूत राहते. चित्रकार बूशेच्या चित्रांतली मुले आणि फाल्कोनेच्या स्नान करणाऱ्या युवती या मातीत फार मोहक उतरल्या.

मोहक, पण आम्हांला येथे थोडे थांबावेसे वाटते. बिस्क्वी संगमरवराची नक्कल करू पाहते. झिलईचा त्रास गेला, त्याबरोबर कवडीची पाठही गेली. उत्तम बिस्क्वी मूर्ती पाहताना ‘ही संगमरवरात किती छान दिसेल’ असा विचार मनात येतो, आणि फाल्कोनेच्या काही मूर्ती खरोखरच संगमरवरातही आहेत. बुस्टेलीच्या मूर्तीबद्दल असा विचार मनाला शिवत नाही. ती दुसऱ्या कशातही होऊ शकत नाही. आमच्या लेखी हा फरक मोठा आहे.

इंग्लंडच्या चेल्सी आणि बो येथील मूर्तींबद्दल थोडक्यात सांगतो. तेथील माती मऊ जातीची, कमी आचेवर भाजणारी. झिलई जाडसर, आणि रंग तिच्यात थोडे मुरतात. मायसेनच्या मूर्तींवरून त्यांनी पुष्कळ घेतले. पण त्या मऊ मातीत तेच घाट बाळसेदार आणि घरगुती दिसू लागले. दरबारी सरदारणीची शेतकऱ्याची लेक झाली! आम्हांला हा बदल आवडतो. नक्कल करतानाही मातीने आपले म्हणणे सोडले नाही.

बाहुल्यांची किंमत

या मूर्तींची थट्टा करणाऱ्यांत विंकेलमान हा थोर कलापंडित होता. तो ऐन भरात ड्रेस्डेनच्या आसपास राहत होता, आणि पोर्सेलिनच्या हास्यास्पद बाहुल्यांनी लोकांची अभिरुची पोरकट केली, असे त्याचे मत होते. ग्रीक संगमरवराच्या मापाने मोजले तर ते खरेच. पण मापच चुकीचे असेल तर? तांदूळ गजाने मोजत नाहीत.

विंकेलमानच्या आक्षेपापेक्षा दुसरा एक आक्षेप आम्हांला गंभीर वाटतो, आणि तो आपल्या लोकांशी थेट संबंधित आहे. प्रशियाचा राजा फ्रेडरिक दुसरा याने १७६३ साली बर्लिनचा पोर्सेलिन कारखाना विकत घेतला. माल खपेना, तेव्हा १७६९ साली त्याने हुकूम काढला की राज्यातल्या ज्यूंनी हक्कनामे मिळवताना, म्हणजे वस्तीचा परवाना किंवा घर खरेदीची परवानगी घेताना, ३०० ते ५०० थेलर किमतीचे पोर्सेलिन राजाच्या कारखान्यातून घ्यावे आणि ते परदेशी विकावे. विकताना तोटा ठरलेला. कित्येक कुटुंबे कर्जात बुडाली. १७८६ साली राजा वारला; त्यानंतर ज्यू समाजाने एक मोठी रक्कम एकदम भरली, तेव्हा कुठे हा जाच थांबला. ‘ज्यू पोर्सेलिन’ हे नाव त्या जुलमाची आठवण म्हणून राहिले. तत्त्वज्ञ मोझेस मेंडेल्सोन याला लग्नाच्या वेळी वीस पोर्सेलिनची माकडे गळ्यात मारली, अशी कथा त्याच्या घराण्यात चालत आली. पण त्याचे लग्न १७६२ सालचे, हुकूम त्यानंतर सात वर्षांनी निघाला. तेव्हा ती कथा जशीच्या तशी मानता येत नाही. मूळ जुलूम मात्र कागदोपत्री नोंदलेला आहे.

मग अशा मातीच्या घाटाचे कौतुक करावे काय? आम्ही यावर बराच विचार केला. मूर्तीचा घाट राजाच्या हुकमाने सुधारत नाही आणि बिघडतही नाही. त्याचा निवाडा घाटावरूनच व्हावा. पण या मूर्ती जो हलकेपणा, जी निश्चिंती दाखवतात, ती कोणाच्या तरी खर्चाने विकत घेतलेली होती, हे पाहणाऱ्याने विसरू नये. मेजावरच्या हसऱ्या मेंढपाळणीला मेंढ्या राखाव्या लागत नव्हत्या.

याला एक दुसरी बाजूही आहे. पुढच्या काळात याच मूर्तींवर सर्वांत डोळस प्रेम करणाऱ्यांत ज्यू संग्राहक होते. ड्रेस्डेनचे बँकर गुस्ताव फॉन क्लेम्पेरर यांनी मायसेनचे आठशेहून अधिक नग जमवले. ते १९२६ साली वारले. १९३८ साली नाझींनी हा संग्रह जप्त केला. फेब्रुवारी १९४५ मध्ये ड्रेस्डेनवर बॉम्बवर्षाव झाला त्या रात्री तो पेट्यांत भरून राजवाड्याच्या चौकात गाडीवर उभा होता. बहुतेक सारे फुटले. राखेतून निघालेले तुकडे व उरलेल्या मूर्ती १९९१ साली वारसांना परत मिळाल्या. त्यांतला काही भाग कुटुंबाने ड्रेस्डेनच्या संग्रहालयालाच दिला. नंतर सापडलेले भग्न नग २०१० साली लंडनमध्ये लिलावात निघाले, आणि त्या मोडक्या हार्लेक्विनांना घेणारे लोक मिळाले.

मोडकी मूर्ती कोणी का घ्यावी? एक कारण भावनेचे आहे. दुसरे कारण आमच्या विषयाचे आहे. या मातीची मूर्ती फुटली की तिचे अंतरंग दिसते. फुटलेल्या कडेवर माती आरपार पांढरी असते, आणि झिलई तिच्यात इतकी एकजीव झालेली असते की कातडी कुठे संपली व अंग कुठे सुरू झाले ते सांगता येत नाही. पोकळीच्या आत साच्यात माती दाबणाऱ्या त्या दुसऱ्या कारागिराच्या बोटांचे ठसे असतात. बाहेरून सरदारण, आतून मजुराचा अंगठा.

आपल्या कपाटातील बाहुल्या

आता प्रश्न राहिला आपल्या घरच्या बाहुल्यांचा. अश्दोद असो, लोद असो की दिमोना, बैठकीच्या खोलीतील काचेच्या कपाटात जाळीदार घागऱ्याची एखादी बाई आपल्यापैकी अनेकांकडे असेल. कोणी मुंबईहून जपून आणली, कोणाला लग्नात मिळाली. बहुतेकदा ती एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेल्या ‘ड्रेस्डेन’ धाटणीची असते. तो जाळीदार घागरा कसा होतो? खरी लेस पातळ मातीत बुडवून मूर्तीला गुंडाळतात. भट्टीत कापड जळून जाते आणि मातीची जाळी उरते. कसब मोठे आहे. पण येथे मातीने कापडाचा पोत उसना घेतला आणि स्वतःचा गमावला. पाहणारा म्हणतो, ‘अगदी लेससारखे!’ बुस्टेलीच्या चुण्या कापडासारख्या दिसतच नाहीत, आणि तरी वस्त्र अंगावर आहे याची शंका येत नाही. नक्कल आणि निर्मिती यांतला भेद याहून सोप्या रीतीने दाखवता येणार नाही.

अर्थात लग्नात मिळालेली बाहुली कोणी टाकून द्यावी असे आम्ही सुचवीत नाही. तिचे मोल वेगळ्या वहीत मांडलेले असते. आमचे सांगणे इतकेच की संधी मिळाली तर चांगल्या मूर्ती डोळ्यांखालून घालाव्यात. म्युनिकला गेलात तर बव्हेरियन राष्ट्रीय संग्रहालय आणि निम्फेनबुर्गच्या रथशाळेतील बॉइम्ल संग्रह येथे बुस्टेली भेटेल. केंडलरसाठी ड्रेस्डेनचा झ्विंगर. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयात चेल्सीच्या शेतकऱ्याच्या लेकी आहेत. भारतभेटीस जाणाऱ्यांनी हैदराबादचे सालारजंग संग्रहालय चुकवू नये. युरोपियन पोर्सेलिनचा तेथील साठा मोठा आहे.

पाहताना तीन गोष्टी कराव्यात. मूर्तीसमोर एका जागी उभे न राहता अर्धे वर्तुळ चालावे आणि उजेड तिच्या अंगावरून कसा फिरतो ते पाहावे. मग टेकू शोधावा: मूर्तीला कशाने सावरले आहे, आणि ते सावरणे लपवले आहे, मिरवले आहे की त्यातूनच घाट काढला आहे? शेवटी जोडीदार आहे का पाहावे, आणि असल्यास दोघांची नजर जुळते का तेही पाहावे. तिन्ही प्रश्नांना चांगली उत्तरे देणारी मूर्ती वीतभर उंचीची असली तरी तिला आपण शिल्प म्हणावे. न देणारीला बाहुली म्हणावे, मग तिच्या पायाखाली कोणत्याही कारखान्याची निळी खूण असो.